काळ्या रानातला रस्ता डांबराने टिकत नाही, मातीने टिकतो

मिरज तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारले आहे, की त्यांच्या गावापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता सहा वर्षांत तीन वेळा डांबरी झाला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पावसाळ्याच्या आत खचला. खटाव तालुक्यातील त्यांच्या पाहुण्यांच्या गावी मात्र तेवढ्याच जाडीचा रस्ता दहा वर्षे झाली तरी धड आहे. तेव्हा या वेळी डांबराचा थर दुप्पट जाड करून घ्यावा का, आणि ‘सबग्रेड’ म्हणून जे सांगितले जाते त्याचा यात नेमका काय संबंध, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे, की डांबराचा थर दुप्पट केल्याने रस्त्याचे आयुष्य फार तर एका हंगामाने वाढेल. आपला रस्ता डांबरात बिघडलेला नाही, तो डांबराच्या खाली अर्ध्या मीटरवर बिघडलेला आहे, आणि जोवर खर्च तिथे होत नाही तोवर वर कितीही थर चढवले तरी ते चिखलावर घातलेल्या फरशीसारखेच राहतील. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत रस्त्यांच्या कामावर माझी तीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून हे सांगतो आहे, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

सबग्रेड म्हणजे रस्त्याच्या सर्व थरांच्या खाली असणारी, मुद्दाम निवडून, ओलावा राखून आणि दाबून तयार केलेली माती. राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी या थराची जाडी ५०० मिमी धरतात आणि ग्रामीण रस्त्यांसाठी वरच्या ३०० मिमीचा विचार होतो. ‘तयार केलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतातली माती जशी आहे तशी सपाट करून तिच्यावर सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा तळथर, अंथरले, तर तिथे जमीन आहे, पण सबग्रेड नाही. गाडीच्या चाकाचा दाब टायरखाली एक चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोच्या पुढे असतो. डांबर आणि खडीचे थर हा दाब पसरवत पसरवत खाली आणतात, आणि शेवटी जो उरतो तो मातीने सोसायचा असतो. माती प्रत्येक चाकासरशी केसभर दबून परत वर आली तर रस्ता टिकतो. ती दरवेळी थोडीशी दबलेलीच राहू लागली, तर त्याची बेरीज होत होत चाकोरी पडते. आपल्याकडील संकल्पनशास्त्रात, म्हणजे रस्त्याचे थर व जाडी ठरवण्याच्या शास्त्रात, सरासरी २० मिमी खोल चाकोरी पडली की तो रस्ता निकामी झाला असे मानतात, यावरून मातीच्या या केसभर दबण्याला किती किंमत आहे ते कळेल.

आता आपल्या आणि पाहुण्यांच्या गावातील फरक. दोन्हीकडचा मूळ खडक एकच, सह्याद्रीचा काळा पाषाण. परंतु खटाव, माण, आटपाडी, जत या भागांत पाऊस थोडा आणि जमीन उथळ, त्यामुळे हात-दीड हात खणले की मुरूम लागतो. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात मात्र त्याच खडकाची पूर्ण कुजून झालेली माती नदीने हजारो वर्षे आणून टाकली, आणि ती काही मीटर खोल आहे. ऊस, हळद, द्राक्षे ज्या मातीमुळे पिकतात तीच माती रस्त्याला सर्वांत वाईट, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. या खनिजाचे पापुद्रे एकमेकांपासून सुटून मध्ये पाणी घेतात आणि फुगतात. पाणी गेले की आक्रसतात. एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैमध्ये त्याच जागी पाय घोट्यापर्यंत रुततो, तो याच खनिजाचा परिणाम. शेतकरी हे जन्मापासून पाहतो. घर बांधताना तो काळीवर जोते उभारत नाही, पायाचा चर मुरूम लागेपर्यंत खाली नेतो. रस्ता मात्र आपण बिनदिक्कत त्याच काळीवर टाकतो.

मातीची ताकद मोजण्यासाठी जी चाचणी सर्वत्र वापरतात तिला सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) म्हणतात. १५० मिमी व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठरलेल्या घनतेपर्यंत ठोकून भरतात, तिच्यावर वजनाच्या चकत्या ठेवतात आणि साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. मग ५० मिमी व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिमी या संथ गतीने आत दाबतात आणि तो २.५ मिमी रुतायला किती भार लागला ते पाहतात. उत्तम फोडलेल्या खडीला यासाठी १,३७० किलो भार लागतो असे प्रमाण धरले आहे, आणि आपल्या मातीला त्याच्या किती टक्के लागला तो तिचा सीबीआर. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा भिजवलेला सीबीआर बहुतेकदा २ च्या आसपास येतो. म्हणजे वाटीच्या तळाएवढ्या दट्ट्यावर सत्तावीस किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जरासे अधिक वजन आले, की तो मातीत शिरू लागतो. चांगल्या मुरमाचा सीबीआर ८ ते १० च्या पुढे जातो. संकल्पनेच्या सूत्राने पाहिले तर २ सीबीआरच्या मातीचा लवचीकतेचा गुणांक २० मेगापास्कल येतो आणि ८ सीबीआरच्या मातीचा सुमारे ६६. तिपटीहून अधिक ताठ पाया आणि लोण्यासारखा पाया यांवर एकाच जाडीचा रस्ता बांधला, तर एक टिकणार आणि एक खचणार, यात नवल नाही.

या चाचणीत ‘चार दिवस भिजवणे’ ही अट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वाळवा तालुक्यातील एका रस्त्याचे अंदाजपत्रक मी केले. मातीचे नमुने एप्रिलमध्ये घेतले होते, वर्षअखेरच्या कामांची घाई संपलेली नव्हती, आणि वरिष्ठांनी न भिजवता चाचणी करून घेण्यास सांगितले. कोरडी काळी माती पहारीलाही दाद देत नाही, त्यामुळे सीबीआर ९ आला आणि मी तो आकडा तसाच धरून जाडी काढली. रस्ता मे महिन्यात पूर्ण झाला आणि पावसाळाभर दिसायला उत्तम राहिला. नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि संक्रांतीपर्यंत दोन्ही चाकांच्या रेषेत वीत वीत रुंद चाकोऱ्या पडल्या. तिथे मी आडवा चर खणून घेतला. वरचे डांबर अखंड होते, फक्त वाकलेले होते. त्याखालची खडी हातात घेतली तर एकेका दगडाला करड्या, ओल्या मातीचे लिंपण चढलेले होते आणि दोन दगडांमधली फट त्याच मातीने बुजली होती. सोलिंगचे दगड चाकांखाली हातभर खाली गेलेले आणि त्यांच्या बाजूने काळी माती वर चढून साइडपट्टीजवळ उंचवटा झालेला. खडी मातीत उतरली होती आणि माती खडीत चढली होती. त्या चरात उभे राहून मला पहिल्यांदा समजले, की आकडा मातीचा नसतो, मातीच्या ओलाव्याचा असतो. त्यानंतर न भिजवलेल्या नमुन्याचा अहवाल मी कधीही स्वीकारला नाही.

यातच आणखी एक गोष्ट आहे. ऊस वाहतुकीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तोवर पाऊस थांबलेला असतो, शेताचा पृष्ठभाग सुकलेला असतो, म्हणून सर्वांना वाटते की रस्ताही सुकला. पण डांबराच्या झाकणाखालची माती लवकर सुकत नाही. उलट दोन्ही बाजूंच्या उसाला पाटाचे पाणी चालू असल्याने तिला बाराही महिने ओल मिळत राहते. म्हणजे माती सर्वांत दुबळी आणि गाड्या सर्वांत जड, असे दोन्ही एकाच वेळी गाठ पडतात. जडपणाबद्दल एवढेच सांगतो, की आसावरचा भार दीडपट झाला की रस्त्याचे नुकसान दीडपट होत नाही, ते जवळजवळ पाचपट होते.

काळी माती ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन मोजपात्रांत घ्यावी, एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल शंभर मिलिपर्यंत भरावे आणि चोवीस तास शांत ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये ती दहापर्यंत बसली आणि पाण्यात वीसपर्यंत चढली, तर फुगवण निर्देशांक १०० टक्के झाला. हा निर्देशांक ५० च्या वर असलेली माती सबग्रेडमध्ये वापरू नये, असे महामार्गांचे विनिर्देश सांगतात. द्रवसीमा (ज्या ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो टक्का) ७० च्या वर किंवा आकार्यता निर्देशांक (ओलाव्याच्या किती टक्के फरकात माती मळण्याजोगी राहते तो आकडा) ४५ च्या वर असलेली मातीही चालत नाही. शिवाय जास्तीत जास्त दाबल्यावर जिची कोरडी घनता घनसेंटिमीटरला पावणेदोन ग्रॅमपर्यंत पोहोचत नाही, तीही महामार्गाच्या सबग्रेडला अपात्र ठरते, आणि काळी माती बहुधा या शेवटच्या अटीवरही नापास होते.

आता दाबाईविषयी, कारण चांगली माती आणूनही काम इथेच सर्वाधिक बिघडते. शेतकऱ्याला वाफसा कळतो. जमीन फार ओली असेल तर नांगराला चिकटते, फार कोरडी असेल तर ढेकळे निघतात, आणि मधल्या एका ओलाव्याला ती मोकळी होते. मातीच्या दाबाईलाही असाच एक वाफसा असतो. त्याचे शास्त्र अमेरिकेतील प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ साली मांडले, आणि आजही त्याच्याच नावाच्या चाचणीने हा ओलावा ठरवतात. कोरड्या मातीचे कण एकमेकांवर घासून अडतात, थोडे पाणी मिळाले की घसरून जवळ येतात, आणि पाणी जास्त झाले की कणांमधली जागा तेच अडवते. मुरमाला हा योग्य ओलावा बहुधा आठ ते बारा टक्के असतो, काळ्या मातीला त्याच्या जवळजवळ दुप्पट. कामावर मी एक साधी खूण वापरत असे. मूठभर मुरूम घट्ट आवळून लाडू करावा. लाडू वळलाच नाही तर पाणी कमी. तळहाताला ओल लागली तर जास्त. आणि लाडू वळून गुडघ्याच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला, तर रोलर चालवण्याची वेळ झाली. ही खूण चाचणीची जागा घेत नाही, पण टँकर रिकामाच उभा असताना रोलर फिरताना दिसला तर गावकऱ्यांनी हरकत घेण्यापुरती ती पुरेशी आहे.

प्रत्येक थर दाबल्यानंतर २०० मिमीपेक्षा जाड नसावा. दोन-अडीच फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला, तर वरची वीतभर कवटी कठीण होते आणि खाली भुसभुशीत राहते, जे पहिल्या पावसात बसते. दाबाईचे प्रमाण सांगताना मापदंड कोणता हेही विचारावे. महामार्गावर ‘जड’ प्रॉक्टरच्या ९७ टक्के घनता लागते आणि ग्रामीण रस्त्यावर ‘साध्या’ प्रॉक्टरच्या १०० टक्के. शंभराचा आकडा मोठा दिसला तरी साध्या चाचणीतली मोगरी २.६ किलोची आणि ३१० मिमीवरून पडणारी असते, जड चाचणीतली ४.८९ किलोची आणि ४५० मिमीवरून. अहवालात नुसते ‘दाबाई ९८ टक्के’ असे लिहिले असेल, तर तो अहवाल अर्धाच आहे.

मुरूम म्हटला की चांगलाच, हा समजही सोडावा. एकाच खाणीच्या एका तोंडाला कडक, खडबडीत मुरूम निघतो आणि वीस पावलांवर मातट, साबणासारखा. मुरमाचे चार खडे रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवावेत. सकाळी खडे शाबूत असतील तर पुढच्या चाचण्या कराव्यात, पाणी गढूळ होऊन खड्यांचा चिखल झाला असेल तर ती खेप परत पाठवावी.

सर्वांत शेवटी करायचे म्हणून जे नेहमी राहून जाते आणि माझ्या मते सर्वांत आधी करायला हवे, ते पाण्याचे काम. आपल्याकडे बहुतेक ग्रामीण रस्ते शेतांच्या पातळीला किंवा तिच्याही खाली आहेत, कारण वर्षानुवर्षे बांध वर चढत गेले आणि गटारे नांगराखाली गेली. अशा जागी काळ्या मातीत खाच खोदून तिच्यात मुरूम-खडी भरली आणि दोन्ही कडांना परत काळ्या मातीची साइडपट्टी केली, तर त्या खाचेची गुळाच्या काहिलीसारखी गत होते. आत आलेले पाणी बाहेर जायला वाट नाही, आणि रस्ता त्या पाण्यात सहा महिने शिजत राहतो. यावर उपाय म्हणजे निचऱ्याचा खडी-मुरमाचा थर साइडपट्टीखालून थेट गटारापर्यंत काढायचा, म्हणजे गटारात उभे राहिले असता तो थर डोळ्यांना दिसला पाहिजे. गटाराचा तळ सबग्रेडच्या तळापेक्षा खाली हवा. रस्त्याची पातळी शेतापेक्षा निदान दोन-तीन फूट वर हवी, आणि पाट ओलांडतो तिथे मोरी हवी, नुसता पाइप पुरून चालत नाही. आपल्या शिवारात क्षारपड झाले असेल, तर जमिनीतले पाणी केशाकर्षणाने वर चढते. तिथे ही उंची आणि निचऱ्याचा थर यांना दुसरा पर्याय नाही.

पाण्याची सोय झाली की मातीचे दोन मार्ग उरतात. पहिला, चांगला मुरूम जवळ असेल तर वरची काळी माती काढून तेवढ्या जाडीचा दाबलेला मुरूम भरणे. वाहतुकीचे अंतर दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असेल तोवर हाच मार्ग मला सोपा व खात्रीचा वाटतो. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर घातला तर खालची फुगवण आवरली जाते, हे मुंबईच्या आयआयटीतील डॉ. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या कामांसाठी दाखवून दिले. नुसती वाळू घालून तो परिणाम मिळत नाही, उलट वाळू पाणी साठवून खालच्या मातीला पाजते, म्हणून ‘काळीवर वाळू पसरा’ हा सल्ला कोणी दिला तर मानू नये.

दुसरा मार्ग चुन्याचा, आणि मुरूम लांब असलेल्या पलूस-मिरज पट्ट्यात त्याचा वापर व्हावा तितका होत नाही, याची मला खंत आहे. मातीच्या कोरड्या वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना, नेमका किती ते चाचणीने ठरवून, काळ्या मातीत मिसळतात. मिसळायला खास यंत्रच हवे असे नाही. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालतो, तो गावोगावी आहे. माती फोडावी, चुना सारखा पसरावा, पाणी देऊन रोटाव्हेटर मारावा आणि एक दिवस तसेच मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी ती माती हातात घेऊन पाहण्यासारखी असते. कालपर्यंत बोटांना डिंकासारखी चिकटणारी माती रव्यासारखी मोकळी झालेली असते, कारण चुन्यातील कॅल्शियमने चिकणकणांची पाण्याची ओढच कमी केलेली असते. मग पुन्हा एकदा मिसळून लगेच दाबाई करावी आणि आठवडाभर ओली ठेवावी. चुना आणि चिकणमाती यांच्यातील जोड सिमेंटप्रमाणे पुढे कित्येक महिने घट्ट होत राहते. दोन सावधगिरी आवश्यक आहेत. चुना ताजा व झाकलेला असावा, कारण हवेत उघडा पडलेला चुना निकामी होतो; आणि क्षारपड जमिनीत सल्फेट जास्त असेल तर चुना उलट फुगवण निर्माण करू शकतो, म्हणून तिथे सल्फेटची तपासणी झाल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

मुरमाचा थर पातळ ठेवणे भाग असेल, तर काळी माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरावे. ते ताकद फारशी देत नाही, पण मी त्या चरात पाहिले ते माती-खडीचे मिसळणे थांबवते.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वाचकांसाठी थोडे. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागांत प्रश्न काळ्या मातीचा नसून डोंगरातून पाझरणाऱ्या पाण्याचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो. तिथे अर्धा रस्ता खोदाईवर आणि अर्धा भरावावर असतो, आणि भेग नेमकी त्या दोहोंच्या सांध्यावर पडते. खोदलेली बाजू मुळातच कठीण म्हणून तशीच सोडतात, ते चुकीचे आहे. तीही उकरून पुन्हा दाबावी, डोंगराच्या अंगाचे गटार कधीही बुजू देऊ नये आणि भराव पायऱ्या खोदूनच चढवावा.

पुराबद्दलही सांगितले पाहिजे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली परिसरातील रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरले की मदतीच्या गाड्या सोडणे भागच असते, आणि त्या सोडल्याच पाहिजेत. परंतु वाळू, वीट, ऊस यांच्या जड गाड्या त्याच आठवड्यात सुरू करणे म्हणजे रस्त्याची पुढची पाच वर्षे संपवणे आहे. अशा वेळी ग्रामपंचायतीने पंधरा-वीस दिवस जड वाहतूक वळवण्याचा आग्रह धरावा.

आपल्या रस्त्यासाठी म्हणून इतके करा. नवे अंदाजपत्रक होण्यापूर्वी, सप्टेंबरअखेर, माती सर्वांत ओली असताना, खचलेल्या तीन-चार जागी आणि एका न खचलेल्या जागी रस्त्याच्या कडेला मीटरभर खोल खड्डे घेण्याची लेखी मागणी करा आणि खड्डे खणताना स्वतः हजर राहा. कोणता थर किती जाडीचा निघाला, खडीत माती शिरली आहे का, खड्ड्यात पाणी किती वेळात साठले, हे वहीत लिहून फोटो काढून ठेवा. फुगवण निर्देशांक आणि चार दिवस भिजवलेला सीबीआर यांचे अहवाल अंदाजपत्रकाला जोडलेले आहेत का ते पाहा. निधी तीन किलोमीटरला पुरत नसेल, तर सर्वांत वाईट एक किलोमीटर निवडून त्याची उंची, गटार आणि सबग्रेड पूर्ण करून घ्या आणि त्यावर पहिली दोन वर्षे नुसते खडीकरण ठेवा. डांबर तिसऱ्या वर्षी टाकले तरी चालेल.